पोकलेन तिथं पोचतो कसा?

मागच्या शनिवारी पुण्याहून कर्जतला मित्राकडे निघालो होतो. लोणावळ्यापर्यंत सगळं छान चाललं होतं. खंडाळ्याच्या पुढे उतार लागला आणि नेहमीसारखी रांग. थांबत, सरकत अर्ध्या तासाने पुढचं दिसलं, तेव्हा कळलं की ही सगळी वरात एका ट्रेलरच्या मागे चालली आहे. लांबलचक लोबेड ट्रेलर, त्यावर सोंड आडवी घालून निजलेला पिवळा पोकलेन, दोन्ही कडांना लाल फडकी, आणि ट्रेलरचा घोडा खालच्या गिअरमध्ये माणसाच्या चालीनं उतरतोय. माझ्या शेजारच्या गाडीतल्या गृहस्थांनी काच खाली करून ट्रेलरवाल्याला काहीतरी ऐकवलं. काय ते इथं लिहीत नाही.

चिडलो मीही होतो. पण मग एक गंमत लक्षात आली. हाच पोकलेन कुठं खोदताना दिसला असता तर आपण थांबून बघितलं असतं. २०१९ मध्ये 'जेसीबी की खुदाई'चे विनोद फिरत होते तेव्हा तर अख्खा देश बघत होता. मशीन कामावर असलं की बघे जमतात, आणि तेच मशीन कामावर निघालं की शिव्या. जणू काही ते साइटवर आपोआप उगवतं.

मी तसा आयटीतला हमाल. डिग्री मेकॅनिकलची, पोटापाण्याला जावा. आमच्यात एक जुना विनोद आहे, 'माझ्या मशीनवर तर चालतंय!' कोड लिहून झाला की काम संपलं असं नवशिक्याला वाटतं. तो सर्व्हरवर नेऊन चालवणं हे एक वेगळंच काम आहे, हे पहिल्या रिलीजच्या रात्री दोन वाजता कळतं. मातीकामाच्या मशिनांचा इतिहास वाचायला लागलो तेव्हा तिथंही हेच सापडलं. खोदायचं कसं, हे माणसाला बरंच लवकर जमलं. खोदणारं यंत्र खोदायच्या जागी न्यायचं कसं, यात पुढची शंभर-सव्वाशे वर्षं गेली आणि ते कोडं अजून पूर्ण सुटलेलं नाही.

आता खरं सांगायचं तर मी या विषयात शिरलो तो स्वतःच्याच एका मूर्ख प्रश्नामुळे. २० जुलै २०२३ ची सकाळ. ऑफिसच्या कॅन्टीनमध्ये टीव्हीवर इरशाळवाडीची बातमी चालू होती. आदल्या रात्री इरशाळगडाच्या अंगावरची ती ठाकरवाडी दरडीखाली गेली होती. पडद्यावर भर पावसात माणसं फावडी-घमेली घेऊन चिखल उपसत होती. मी चहाचा कप हातात घेऊन म्हटलं, "अरे, पोकलेन का लावत नाहीत हे लोक?"

शेजारचा मित्र माझ्याकडे बघतच राहिला. "आपण गेलो होतो ना रे तिथं?"

गेलो होतो. २०२१ च्या डिसेंबरात, ट्रेकला. चौकजवळ खाली गाड्या लावून तासभर चढून त्या वाडीत पोचलो होतो. एका घरात पिठलं-भाकरी खाल्ली होती, निघताना त्या मावशींनी बाटल्या भरून दिल्या होत्या. त्या वाटेवर दोघांना धड शेजारी शेजारी चालता येत नव्हतं, हे माझ्या पायांना माहीत होतं. तरीही मी तो प्रश्न विचारला. कारण माझ्या डोक्यात पोकलेन म्हणजे फोन केला की येणारी वस्तू.

असो. तर सुरुवात याच घाटापासून करू.

बोरघाटातला चाकाच्या गाड्यांसाठी बांधलेला रस्ता १० नोव्हेंबर १८३० रोजी खुला झाला. त्याच रस्त्यावरचा पूल म्हणजे आपला अमृतांजन पूल. त्याच्या खांबांमुळे एक्सप्रेसवे तिथं चिंचोळा व्हायचा, म्हणून एप्रिल २०२० मध्ये, लॉकडाऊनची संधी साधून तो पाडला. बैलगाड्यांसाठी बांधलेल्या पुलानं शेवटी ट्रेलर अडवले म्हणायचे. पुढे रेल्वे आली. खंडाळा ते पुणे हा वरचा मार्ग १८५८ मध्ये सुरू झाला आणि मधला घाट पूर्ण झाला १८६३ मध्ये. म्हणजे पाच वर्षं घाटाच्या वर रेल्वे होती, घाटाच्या खाली रेल्वे होती आणि मध्ये काही नाही. प्रवासी पालखीतून, तट्टांवरून घाट चढायचे. पण इंजिनांचं काय? ती तर इंग्लंडहून बोटीनं मुंबईला यायची. रूळ नसलेल्या घाटातून ती वर गेली ती रस्त्यानंच. सुटे भाग करून असेल नाहीतर कशीही. मालवाहतुकीसाठी बनवलेलं यंत्र, आणि ते स्वतःच माल होऊन घाट चढलं!

घाटाचं खोदकाम मात्र माणसांनी केलं. १८६१ मध्ये या घाटात ४२ हजारांवर माणसं कामाला होती. पहार, सुरुंगाची दारू, घमेली. कंत्राटदार सॉलोमन ट्रेडवेल १८५९ मध्ये इथं आला आणि काही आठवड्यांतच आजारानं गेला. त्याच्या बायकोनं, ॲलिस ट्रेडवेलनं, कंत्राट पुढे चालवलं. पटकीनं आणि तापानं मजूर किती गेले असतील त्याची कल्पना केलेली बरी. पण कंत्राटदाराच्या थंड डोक्यानं बघा: मजुराचा एक मोठा फायदा असतो. तो स्वतःच्या पायांनी साइटवर येतो. त्याला रस्ता लागत नाही, पायवाट पुरते. जिथं अशी माणसं स्वस्तात मिळतात तिथं यंत्र कोण आणेल?

अमेरिकेत ती स्वस्तात मिळत नव्हती. म्हणून विल्यम ओटिस नावाच्या एका तरुण कंत्राटदारानं १८३० च्या दशकात वाफेवर चालणारं फावडं बनवलं. (लिफ्टवाल्या ओटिसच्या नात्यातलाच हा.) १८३९ मध्ये त्याला पेटंट मिळालं आणि त्याच वर्षी तो वारला. वय फक्त २६. माझ्याहून लहान. हे असं काही वाचलं की मला माझ्या अप्रेझल फॉर्मकडे बघवत नाही :)

ओटिसचं फावडं रुळांवर उभं असायचं. साहजिक आहे, ते रेल्वेच्या कामासाठीच बनवलेलं होतं. पण त्याचा अर्थ असा की खोदायला जायच्या आधी तिथं रूळ टाकायला हवेत. मशीनच्या पुढे रुळाचे छोटे तुकडे टाकायचे, मशीन चार पावलं पुढे घ्यायचं, खोदायचं, मागचे तुकडे उचलून पुन्हा पुढे आणून टाकायचे. मशीन एकटं कधीच नसायचं. त्याला चालवणाऱ्या माणसांचा एक लवाजमा कायम पायाशी.

या पद्धतीचा कळस म्हणजे पनामा कालवा. अमेरिकेनं १९०४ मध्ये ते काम हातात घेतलं. त्यातला जीवघेणा भाग म्हणजे कुलेब्राची नऊ मैलांची खिंड. १९०५ मध्ये जॉन स्टीव्हन्स तिथं चीफ इंजिनीअर म्हणून आला. मूळचा रेल्वेवाला. आल्या आल्या त्यानं काय करावं? खिंडीतलं खोदकाम थांबवलं! वॉशिंग्टनमध्ये लोक निकालाची वाट बघतायत आणि हा म्हणतोय की आधी रूळ, घरं, पाणी, डासांचा बंदोबस्त, खोदायचं मागाहून. त्याचं म्हणणं सरळ होतं. खोदणं हा इथं प्रश्नच नाही, वाहतूक हा प्रश्न आहे. प्रत्येक फावड्याला सतत रिकामी वाघीण मिळाली पाहिजे आणि डोंगर मागे सरकेल तसं फावडंही त्याच्या मागे सरकलं पाहिजे. प्रोजेक्ट मॅनेजर असावा तर असा, असं मला फार वाटलं.

तिथली मोठी फावडी ९५ टनी, ब्युसायरस कंपनीची. नोव्हेंबर १९०६ मध्ये राष्ट्राध्यक्ष थिओडोर रूझवेल्ट पनामात आले तेव्हा पांढरा सूट घालून अशाच एका फावड्यावर चढून बसले आणि तो फोटो जगभर गाजला. पण माझ्या मते फोटो काढण्यासारखं यंत्र दुसरंच होतं. पनामा रेल्वेचे जनरल मॅनेजर विल्यम बियर्ड यांनी १९०६ मध्ये रूळ सरकवणारं एक यंत्र बनवलं. एका डब्यावर दोन क्रेन. एक क्रेन रूळ स्लीपरसकट वर उचलून धरायची आणि दुसरी तो बाजूला ओढायची. खिंड रुंद होईल तसे रूळ रोज हलवावे लागायचे. हे यंत्र डझनभराहून कमी माणसांच्या मदतीनं दिवसाला मैलभर रूळ हलवायचं; हातानं करायचं तर त्याला सहाशे माणसं लागली असती. खोदणाऱ्या यंत्राला चालवण्यासाठी बनवलेलं हे यंत्र. त्याच्यावर चढून कुणी फोटो काढला नाही.

आणि तरीही डोंगर ऐकत नव्हता. ऑक्टोबर १९०७ मध्ये कुकाराचा नावाच्या भागातली दरड सुटली. (स्पॅनिशमध्ये कुकाराचा म्हणजे झुरळ!) पुढची कित्येक वर्षं तिथल्या दरडी रूळ वाकवत, फावडी उलथवत आणि गाडत राहिल्या. गाडलेलं फावडं काढायला दुसरं फावडं न्यायचं तर त्याला रूळ हवेत, आणि रूळ तर दरडीखाली. हे वाचताना मला कॅन्टीनमधला तो टीव्ही आठवत होता.

रुळांपासून सुटका झाली ती भलत्याच ठिकाणी, शेतात. कॅलिफोर्नियात स्टॉकटनजवळची जमीन इतकी भुसभुशीत की वाफेचे जड ट्रॅक्टर त्यात रुतून बसायचे. बेंजामिन होल्ट आणि इतर लोक चाकं रुंद करत गेले, करत गेले, शेवटी ट्रॅक्टरपेक्षा चाकंच मोठी दिसायला लागली. मग २४ नोव्हेंबर १९०४ रोजी होल्टनं चाकं काढून त्या जागी लाकडी फळ्यांचा साखळीपट्टा लावून बघितला. विचार केला तर हा ओटिसचाच रूळ आहे. फक्त मागचा तुकडा उचलून पुढे टाकायचं काम माणसांऐवजी मशीनच करतंय. स्वतःचा रस्ता स्वतःबरोबर घेऊन चालणारं यंत्र. ते चालताना कुणालातरी सुरवंटासारखं वाटलं आणि 'कॅटरपिलर' हे नाव पडलं. आपल्याकडे त्या पट्ट्याला सरळ 'चेन' म्हणतात.

आता सगळं सुटलं असं वाटतं ना? लॉस एंजेलिसवाल्यांनाही वाटलं होतं. १९०८ ते १९१३ या काळात त्यांनी दोनशे मैलांहून लांबून पाणी आणणारा कालवा बांधला. मोहावी वाळवंटातून सामान ओढायला होल्टचे हे चेनवाले ट्रॅक्टर घेतले. वाळूनं त्यांचे गिअर आणि चेनच्या पिना खाऊन टाकल्या. ट्रॅक्टर दुरुस्तीला पडून राहू लागले आणि शेवटी खेचरं आली. जॉबोन दरीतल्या पोलादी पायपांचे अवजड तुकडे बावन्न-बावन्न खेचरांनी ओढून नेले. मला हा प्रसंग फार आवडतो. नवं तंत्रज्ञान कोसळल्यावर जुना सर्व्हर पुन्हा चालू करण्याची परंपरा बरीच जुनी दिसते.

चेनची खरी मेख इथंच आहे. ती चिखलात राजा, आणि रस्त्यावर मात्र शत्रू. आजचा वीस टनी पोकलेन स्वतःच्या चेनवर ताशी पाचेक किलोमीटर चालतो. तेवढ्यात डांबराची सालं निघतात, आणि जास्त चालवला तर त्याचे स्वतःचे रोलर, पिना आणि चालवणारा गिअरबॉक्स तापून झिजतात. म्हणजे कुठंही जाऊ शकणारं मशीन बनवलं खरं, पण लांब जाऊ शकणारं नाही. त्याला आता दुसऱ्या कुणीतरी उचलून नेणं आलं.

हे उचलून नेणं जगाला शिकवलं ते युद्धानं. रणगाडा म्हणजे तरी काय, चेनवरचं जड मशीनच. १९१६ मध्ये ब्रिटिशांनी पहिले रणगाडे आघाडीपर्यंत आगगाडीनं नेले होते. दुसऱ्या महायुद्धात उत्तर आफ्रिकेच्या वाळवंटात ती सोय कुठली! म्हणून ब्रिटिशांनी अमेरिकेच्या डायमंड टी कंपनीकडून तगडे ट्रक बनवून घेतले. त्यांच्या मागे बारा चाकांचा ४५ टनी ट्रेलर जोडायचा आणि त्यावर रणगाडा चढवायचा. युद्ध संपल्यावर हे ट्रक मोडीच्या भावात निघाले आणि ब्रिटनमधल्या जड वाहतूकवाल्यांनी ते उचलले. पुढे कित्येक वर्षं तिथले ट्रान्सफॉर्मर, बॉयलर आणि खोदणारी मशिनं त्याच ट्रकांनी ओढली.

लोबेड ट्रेलरची युक्ती कागदावर अगदी साधी आहे. साध्या ट्रकचा हौदा जमिनीपासून दीडेक मीटर उंच. त्यावर तीन मीटर उंचीचा पोकलेन ठेवला तर पुलाला तरी लागेल नाहीतर विजेच्या तारेला. म्हणून ट्रेलरची मान हंसासारखी वर काढून घोड्याला जोडायची आणि मधली पाठ जमेल तेवढी खाली आणायची. उंची सुटते, रुंदी नाही. आपल्याकडे वाहनाच्या रुंदीची मर्यादा २.६ मीटर आणि वीस टनी पोकलेन साधारण २.८ मीटर, त्यामुळे दोन्ही बाजूंना तो बाहेर डोकावतोच. ती लाल फडकी त्यासाठी.

पण मला सगळ्यात भीती वाटली ती चढवण्याची. मागच्या दोन उतरत्या फळ्यांवरून ऑपरेटर पोकलेन वर घेतो. अर्धी चेन वर आणि अर्धी फळीवर अशा टोकाला आला की क्षणभर ते वीस टन एका रेषेवर तोलून उभे असतात. त्या वेळी बकेट पुढे टेकवून तो हळूच मशीनचा तोल सांभाळतो. लोखंडावर लोखंड, पावसानं ओलं असेल, चेनला चिखल असेल तर सगळंच्या सगळं बाजूला घसरू शकतं. खोदताना नाही इतका धोका या दोन मिनिटांत असतो. आणि याचं वेगळं शिक्षण कुणी देत नाही. हेल्पर म्हणून लागलेला पोरगा बघून बघून शिकतो.

आता आपल्या दोन मराठी शब्दांकडे येऊ. पोकलेन आणि जेसीबी.

पोकलेन हा शब्द मला लहानपणी अस्सल गावरान वाटायचा. लेन म्हणजे रस्ता, आणि पोक म्हणजे पोक काढून चालणारा :) प्रत्यक्षात पोक्लँ ही फ्रान्समधली कंपनी, पॅरिसच्या ईशान्येला ल प्लेसी-बेलव्हील गावातली, १९२७ पासूनची. आधी शेतीची अवजारं बनवायची. १९५१ मध्ये त्यांनी हायड्रॉलिकवर चालणारं पहिलं खोदयंत्र काढलं आणि १९६१ मध्ये पूर्ण गोल फिरणारं टीवाय-४५. १९७० च्या दशकात एल अँड टीनं त्यांच्या तंत्रज्ञानावर भारतात मशिनं बनवायला घेतली आणि नाव आपल्याकडे चिकटलं. फ्रान्समध्ये त्या नावाची खोदयंत्रं कधीच बंद झाली. आता त्या नावाची कंपनी हायड्रॉलिक मोटर आणि पंप बनवते. पण सातारा-सांगलीत टाटा हिताची येवो की कोमात्सू, तो पोकलेनच.

जेसीबीची गोष्ट आपल्या विषयाला आणखी जवळची. जोसेफ सिरिल बॅमफोर्ड या इंग्रजानं ऑक्टोबर १९४५ मध्ये एका छोट्या गॅरेजात धंदा सुरू केला. त्याची पहिली वस्तू कुठली? ट्रेलर! युद्धातल्या भंगारातून, एक पौंडाच्या वेल्डिंग मशीननं बनवलेली, शेतमाल ओतायची ट्रॉली. ती ४५ पौंडांना विकली गेली. १९५३ पासून त्यानं ट्रॅक्टरच्या मागे खोदायची सोंड आणि पुढे भरायचं सूप अशी जोडी बसवायला घेतली. भारतात हे मशीन १९७९ मध्ये एस्कॉर्ट्सच्या भागीदारीत आलं.

पोकलेनच्या मानानं जेसीबी खोदण्यात कमीच. चेन नाही, ताकद कमी, गोल फिरत नाही. मग आपल्याकडे गल्लोगल्ली जेसीबीच का? माझं मत असं की त्याचं खरं कारण त्याची चार रबरी चाकं आहेत. साताठ टनांचं हे मशीन ताशी चाळीसच्या आसपास पळतं. सकाळी एका गावात विहीर, दुपारी दुसऱ्या गावात पाइपलाइन, संध्याकाळी मालकाच्या दारात. ट्रेलर नको, त्याचं भाडं नको, फडकी नकोत. एका तालुक्यापुरता हा हिशोब पक्का बसतो, आणि आपली बहुतेक कामं एका तालुक्यापुरतीच असतात. खोदण्यात थोडा कमी चालेल, पण पोचायला हवा.

३० जुलै २०१४ रोजी आंबेगाव तालुक्यातलं माळीण दरडीखाली गेलं. ते गाव नाहीसं झाल्याचं बाहेर कळलं ते एसटीच्या ड्रायव्हरमुळे. तो नेहमीप्रमाणे बस घेऊन गेला आणि समोर गावच नव्हतं. या गोष्टीतला एक तपशील मी आधी कधी बघितलाच नव्हता. माळीणपर्यंत एसटी जात होती. जिथं एसटी जाते तिथं जेसीबी जातो, म्हणून तिथं मशिनं पोचली. उशिरा, पावसात, अरुंद रस्त्यानं, पण पोचली. १५१ माणसं गेली, पण त्यांचे देह तरी काढता आले.

इरशाळवाडीत २७ मृतदेह मिळाले आणि ५७ माणसं बेपत्ता राहिली. चार दिवसांनी, २३ जुलैला शोध थांबवला. एनडीआरएफची माणसं, ट्रेकर पोरं, खालच्या गावांतले लोक, सगळे हातानं उपसत होते. मदतीला निघालेले नवी मुंबई अग्निशमन दलाचे एक अधिकारी वाट चढतानाच हृदयविकारानं गेले. मशीन हेलिकॉप्टरनं न्यायचा विचार झाला होता, हेलिकॉप्टरं तयारही ठेवली होती, पण ढग आणि पाऊस हटले नाहीत. हेलिकॉप्टरनं मशीन नेता येतं, हे खरंच आहे. २०१३ च्या महापुरानंतर केदारनाथच्या पुनर्बांधणीसाठी हवाई दलाच्या एमआय-२६ नं जड मशिनरी वर पोचवली. पण त्यासाठी आधी माणसांनी त्या उंचीवर त्याच्या मापाचं हेलिपॅड तयार केलं होतं. पुन्हा तेच, आधी रूळ.

त्याच वर्षी नोव्हेंबरात उत्तराखंडात सिलक्याराचा बोगदा ढासळला आणि ४१ कामगार आत अडकले. तिथं रस्ता होता. आडवं भोक पाडणारं ऑगर मशीन सुटं करून हवाई दलाच्या हर्क्युलिस विमानांनी दिल्लीहून चिन्यालीसौडच्या धावपट्टीवर आणलं, तिथून ट्रकनं बोगद्याच्या तोंडाशी. मी ऑफिसात बसून त्याचे अपडेट मॅचच्या स्कोअरसारखे बघत होतो. मशीन बरंच आत गेलं आणि मग ढिगाऱ्यातल्या लोखंडात अडकून मोडलं. उरलेले दहा-बारा मीटर पायपात आडवं पडून हातानं खणणाऱ्या माणसांनी काढले. २८ नोव्हेंबरला ४१ च्या ४१ जण बाहेर आले.

असो, शनिवारकडे येतो. घाट उतरल्यावर मी खोपोलीपाशी एक्सप्रेसवे सोडला आणि जुन्या हायवेनं चौककडे निघालो. भूक लागली म्हणून वाटेत वडापाव खायला रमतगमत थांबलो. चौकला पोचलो तर तोच ट्रेलर कडेला उभा, आणि पोकलेन खाली उतरत होता. गाडी बाजूला घेतली. ट्रेलरचा ड्रायव्हर साठीच्या आसपासचा, बिडी ओढत उभा होता.

"काका, घाटात तुमच्या मागेच होतो मी."

"मग शिव्या दिल्या असतील साहेब."

"नाही... थोड्या."

हसले. म्हणाले, "ब्रेक तापले तर मी थांबत नसतो, मग सगळेच थांबतात. त्यापेक्षा शिव्या बऱ्या."

ट्रेलर पुढच्या वळणावर वळणार नव्हता, त्यामुळे तिथून दीड-दोन किलोमीटर पोकलेन स्वतःच चालत जाणार होता. रस्ता नवा डांबरी. तो उखडला तर गावकरी मशीन अडवतात, म्हणून त्यांनी ट्रेलरवरून जुने टायर खाली टाकले आणि चेनच्या पुढे दोन रांगांत मांडले. ऑपरेटरनं मशीन टायरांवर घेतलं. हेल्पर पोरगा मागचे टायर ओढून पळत पुढे यायचा, टाकायचा, परत मागे पळायचा. असेल अठरा-एकोणीस वर्षांचा. घामानं निथळत होता.

"काम कुठलं आहे, काका?"

"टेकडी कापून प्लॉट पाडायचेत. फार्महाऊस होणारेत म्हणे. जागा भारी आहे, समोर डोंगर दिसतो."

मी समोर बघितलं. इरशाळगडाचं नेढं अगदी स्पष्ट दिसत होतं. मी टायर मोजले, सोळा होते. पोरगा सोळावा उचलून पुढे घेऊन गेला.